सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) झालंय, मग पदव्युत्तर शिक्षणात नेटवर्किंगचं नवीन काय शिकायला मिळतं?

सीसीएनए राऊटर चालवायला शिकवतं. पदव्युत्तर अभ्यासात तो असा का बनवला, हा प्रश्न असतो.

उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर कोसळला. तार तुटली नव्हती. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, हरवलं की प्रत्येक मशीन ते पुन्हा पाठवायचं, त्यामुळे गर्दी अजूनच वाढायची. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीत (इंटरनेटवर माहिती खात्रीने पोचवणाऱ्या नियमांत) त्यावर उपाय बसवला: आधी थोडं पाठवा, पोच येईल तसं वाढवा, पॅकेट हरवलं की हात आखडता घ्या. हे नियम स्थिर का राहतात, एकाच तारेवरच्या दोन प्रवाहांत वेगाची वाटणी न्याय्य होते का, हे सिद्ध करायला लागलात की तुम्ही खऱ्या अर्थाने पदव्युत्तर पातळीवर आलात.

त्यासाठी संभाव्यता आणि रांगांचं गणित पक्कं हवं. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कमांड पाठ नसल्यामुळे नाही. प्रोग्रामिंग तर लागतंच.

प्रवेशाआधी वायरशार्क या पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या साधनात एका डाउनलोडची पॅकेटं पकडून बघा. मग मिनिनेटवर (संगणकावरच आभासी नेटवर्क उभारणारं साधन) मुद्दाम पॅकेटं हरवून वेग कसा पडतो ते मोजा. यात मजा आली तर बिनधास्त अर्ज करा.