पेंटेकॉस्टल मंडळी सोडून कॅथोलिक होताना पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो का? आणि नुसती उपासनेची पद्धत आवडली, हे कारण पुरेसं आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. नाही, लागत नाही. तुमचा बाप्तिस्मा पाण्याने आणि 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' झाला असेल, तर कॅथोलिक चर्च तो मानतं आणि दुसऱ्यांदा देत नाही. पण काही मंडळ्यांत फक्त 'येशूच्या नावात' बाप्तिस्मा देतात, तो तिथे धरला जात नाही. म्हणून तुम्हाला पाण्यात उतरवताना पाळकांनी नेमके कोणते शब्द म्हटले होते ते आठवा. आठवत नसेल तर काठावर उभं असलेल्या कुणाला तरी विचारून ठेवा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. त्यावर मला माझंच सांगता येईल.

मी दर्यापूर तालुक्यातला. पत्र्याच्या शेडमधल्या पेंटेकॉस्टल मंडळीत वाढलो. ढोलकी, टाळ्या, दीड-दोन तासांचा संदेश आणि त्याआधी साक्ष. प्रत्येकाने उभं राहायचं आणि या आठवड्यात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी तोतरा आहे. 'प' आणि 'क' आले की जीभ अडते. आता बघा, प्रभू, पिता, पुत्र, पवित्र, पाप, कृपा, क्रूस. ख्रिस्ती माणसाला लागणारे सगळे शब्द नेमके तेच!

मंडळीने माझ्यासाठी प्रार्थना केली नाही असं नाही. उपवास धरले, डोक्यावर हात ठेवले, एकदा तर जिभेला तेल लावलं. जीभ काही सुटली नाही. मग हळूहळू सूर बदलला. पोराच्या मनात कुठेतरी अविश्वास आहे, काही तरी लपवलंय. हे बोलणारी माणसं वाईट नव्हती. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच लोकांनी पाळ्या लावून रात्री काढल्या. पण साक्षीची वेळ आली की मी गाड्यांवर लक्ष ठेवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभा राहायचो. वीस वर्षं मी गाड्यांवर लक्ष ठेवलं, एकही चोरीला गेली नाही.

पुढे मी एका कृषी केंद्रात कामाला लागलो. तिथल्या एका सहकाऱ्याच्या मुलीला पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, मिळणार होता, म्हणून अमरावतीला मिस्साला, म्हणजे कॅथोलिक उपासनेला, गेलो. मिस्सा मराठीतच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या कॅथोलिक बिशपांची सभा), म्हणजे १९६२-६५ पर्यंत, ती जगभर बहुतेक ठिकाणी लॅटिनमध्ये व्हायची हे मला नंतर कळलं. शेजारच्या बाईने हातात पुस्तिका दिली. सगळे उभे राहिले आणि विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणू लागले, तोच निकियाचा, तिथल्या ३२५ च्या परिषदेतून आलेला आणि ३८१ मध्ये पुरा झालेला. मीही वाचत वाचत म्हणू लागलो. पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर. संपल्यावर लक्षात आलं की मी एकदाही अडखळलो नाही.

परतीच्या एस.टी.त खिडकीकडे तोंड करून हळूच 'पिता' म्हणून पाहिलं. अडकलोच.

हा चमत्कार नव्हता. चार माणसांसोबत एका सुरात बोलताना बहुतेक तोतऱ्यांची जीभ मोकळी होते, ही वाचा-उपचार करणाऱ्यांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. पण मला त्या दिवशी ते माहीत नव्हतं आणि आता माहीत असूनही फार फरक पडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाचं नाव मोठ्याने, सगळ्यांसोबत घेतलं होतं.

तेव्हा 'नुसती पद्धत' या शब्दांशी माझं भांडण आहे. आमच्याकडे शिकवायचे की पाठ केलेली प्रार्थना मेलेली असते, मनातून सुचते तीच खरी. ज्याला सुचतं आणि बोलता येतं त्याला हे पटणारच. ज्याला बोलता येत नाही त्याने काय करायचं?

तरी तेवढ्यावर भागत नाही, हेही खरं. फादरांना मी ही सगळी हकीकत सांगितली (सांगायला अर्धा तास लागला). ते म्हणाले, "बोलता येतं म्हणून येऊ नका. जे बोलता ते खरं मानता का, ते आधी बघा." मग कॅथोलिक चर्चमध्ये घेतलं जाईपर्यंत चौदा महिने गेले. गावाहून अमरावतीला दर रविवारी जाणं जमत नसे, महिन्यातून दोनदा जायचो. या काळात ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. रांगेत जायचं, छातीवर हातांची घडी घालायची, फादर आशीर्वाद देतात, परत यायचं. हे मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, बरं झालं.

अडचणी आपल्याकडच्या सगळ्यांना येतात त्याच आल्या. मरिया, पोप, पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली). त्यांची उत्तरं तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील, मी लांबण लावत नाही. मला हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. जस्टिन नावाचा रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारला गेलेला माणूस, साधारण सन १५५ च्या सुमारास रोमी सम्राटाला समजावून सांगतो की ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात. प्रेषितांचे किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचतात, पुढारी बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणतात, पुढारी उपकारस्तुती करतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. म्हणजे तिथे माझ्यासारख्याचं काम ठरलेलं होतं, सगळ्यांसोबत आमेन म्हणायचं.

आणखी एक. मिस्साची रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात. फादरांना आवडो न आवडो, त्या रविवारचा उतारा वाचावाच लागतो. आमच्या शेडमध्ये बायबलमधलं मलाखी ३:१० किती वेळा ऐकलं याचा हिशेब नाही. दशांशाचं, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याचं, वचन आहे ते, तुम्हालाही पाठ असेल.

कागदपत्रांचं म्हणाल तर सरकारदरबारी काहीच करावं लागलं नाही, ना प्रतिज्ञापत्र, ना गॅझेट. नोंद चर्चच्या रजिस्टरमध्ये झाली. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र माझ्याकडे नव्हता. आमच्याकडे पूर्णा नदीत उतरवायचे, कागद कोण देतो? पाहिलेल्या माणसाचं लेखी म्हणणं चालतं असं कळलं, म्हणून जुन्या पाळकांकडेच गेलो. ते रागावलेले होते. तरी त्यांनी बसून चिठ्ठी लिहून दिली, कोणत्या नावाने ते स्पष्ट लिहिलं आणि चहा न विचारता आत निघून गेले. आमच्या भागात चहा न विचारणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

स्वीकाराच्या आधी पापनिवेदन असतं. तिथे सोबतीला कुणाचा सूर नसतो. एका पापावर मी इतका अडकलो की फादरांना वाटलं असेल, भलतंच काही तरी आहे. ते काही बोलले नाहीत, वाक्य पुरं करून दिलं नाही, वाट पाहिली. माझी वाक्यं लोक नेहमी पुरी करतात, म्हणून हे लक्षात राहिलं. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीच्या मिस्सात मी श्रद्धा जाहीर केली, कपाळावर तेल लावून दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालं आणि ख्रिस्तप्रसाद मिळाला. आधीच बाप्तिस्मा झालेल्याला त्याच रात्रीची वाट पाहायची गरज नसते, वर्षात केव्हाही घेतात.

आता तोटेही सांगतो. मिस्सा संपली की लोक पाच मिनिटांत गाड्या काढून निघून जातात. 'घरी कसं आहे' हे विचारायला सुरुवातीला कुणीच नव्हतं. शेडमधली ऊब तिथे मिळेल या आशेने जाऊ नका. बायको अजून मंडळीतच जाते. पोरं एका रविवारी तिच्यासोबत, एका रविवारी माझ्यासोबत. लग्न पुन्हा लावावं लागलं नाही.

आई मात्र वर्षभर धड बोलली नाही. मूर्तिपूजा वगैरे ती बोललीच, पण तिचा खरा प्रश्न वेगळा होता. "मेल्यावर तुले माती द्याले कोन येईन?" मी म्हटलं, आपल्याकडची ख्रिस्ती दफनभूमी सगळ्यांची एकच आहे.

"जागा नाही इचारली म्या, मानसं इचारली."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. मी आधी फादरांकडे गेलो आणि सगळं ठरत आल्यावर घरी सांगितलं. तुम्ही उलटं करा, आधी घरी सांगा.