दाबलेली फुलं आणि टीकाकाराचं तण

प्रश्न: मी पंचवटीत राहते, पावसाळ्यात अंजनेरीहून पडलेली पानंफुलं आणून जुन्या पेपरात दाबून ठेवते. अठराव्या शतकात विद्वान असे नमुने एकमेकांना पत्रासोबत पाठवायचे म्हणे, खरंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: अगदी खरंय ताई! स्वीडनच्या उप्सालात बसलेल्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे जगभरातून पत्रं, बिया, वाळवलेली झाडं यायची, त्याचा शिष्य कोनिग १७६८ मध्ये तमिळनाडूत तरंगमबाडीला डॉक्टर म्हणून आला आणि तिथून गुरूला झाडं पाठवत राहिला, म्हणजे आपल्या मातीतली झाडं जहाजातून तिकडे गेली, मला तर हे वाचून अजून भारी वाटतं.

आणि वाद पण जोरात व्हायचे. लिनियससारखं फुलातल्या पुंकेसर-स्त्रीकेसरांवरून झाडांचं वर्गीकरण करणं म्हणजे अश्लीलपणा, असं सेंट पीटर्सबर्गच्या झीगेसबेक या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७३७ मध्ये लिहिलं. आज त्याचं नाव सिगेसबेकिया या तणात उरलंय, लिनियसनंच दिलेलं. छोटं पिवळं फूल, खाली हिरव्या चिकट केसांच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्या, हात लावला की बोटाला चिकटतंच.

तुमच्या प्रत्येक कागदावर जागा आणि तारीख लिहाच, त्याशिवाय नमुन्याला अर्थ नाही.