'कायम' गेला, त्यानंतर काय झालं?

प्रिय लेकरा,

विनाअनुदानित शाळांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. शिक्षणसंस्थेचे पंधरा वर्षांचे अहवाल काढून 'गुणवत्ता' किती वेळा आला, 'परिवर्तन' किती वेळा आला, ते मोजलंस. मेहनत दिसते, पण त्या तक्त्यांत मला शाळा कुठंच दिसली नाही.

संज्ञापनाचा अभ्यासक आयझेनबर्ग याचं नाव घेतलंस, बरं केलंस. मोघम बोलणं हा दरवेळी दोष नसतो, वेगवेगळा अर्थ लावणारी माणसं त्या मोघमपणामुळेच एकत्र नांदू शकतात, हे त्यानं 1984 मध्ये मांडलं. पण त्याच्या उदाहरणासाठी अमेरिकेतली कंपनी कशाला? आपल्या विद्यापीठाच्या गेटवर जाऊन उभं राहा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि अंमल आला 14 जानेवारी 1994 ला, तोही 'नामविस्तार' म्हणून. बाबासाहेबांचं नाव लागलं, मराठवाडाही राहिला. (मधल्या साडेपंधरा वर्षांची किंमत कुणी मोजली ते न लिहिता याला 'यशस्वी संदिग्धता' म्हणशील, तर मी खोडीन.)

आता तुझ्या विषयाचं. 'कायम विनाअनुदानित', म्हणजे सरकारी अनुदान कधीच मागायचं नाही या अटीवरच्या शाळा. त्यातला 'कायम' शासनानं 2009 मध्ये वगळला. तू त्याला एक ओळ दिलीस! अगं, प्रबंध तिथंच आहे. त्या सुमारास मी एका शाळेवर गेलो होतो. मुख्याध्यापकांनी जीआरची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली, 'कायम' खाली लाल रेघ. गणिताच्या सरांनी पेढा दिला. दोन-तीन वर्षांनी तेच सर कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर पावत्या फाडताना भेटले. म्हणाले, "सर, कायम गेलं, विना राहिलं."

यावर तू मायर आणि रोवन या समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं लावशील: कागदावरची रचना वेगळी, रोजचा कारभार वेगळा. 1977 चं ते म्हणणं चूक नाही, पण इथं अपुरं पडतं. त्या एका शब्दानं पगार दिला नाही, तरी माणसं शाळेत थांबवून धरली. सकाळी काट्यावर, अकराला वर्गात. मग अनुदानासाठी शाळांचं मूल्यांकन आलं, मग 20 टक्के अनुदानाचा टप्पा, मग पुढच्या टप्प्याची वाट. हे थांबवून धरणं शब्दानं कसं केलं, ते मला तुझ्याकडून वाचायचंय.

त्यासाठी अहवाल बाजूला ठेव आणि क्लार्कच्या टेबलाशी बस. आवक-जावक रजिस्टर माग, मूल्यांकनाचे प्रस्ताव आणि परत आलेली पत्रं तारखेनं लाव. 'त्रुटी पूर्तता' कितीदा आलं ते खुशाल मोज, ते मोजणं मला चालेल. शिक्षकांची नावं कुठंही येऊ देऊ नकोस. अजून कित्येकांच्या फायली टेबलावरच आहेत.

आणि शनिवारी जाऊ नकोस. शाळा सकाळची असते, क्लार्क अकराच्या एसटीनं निघून जातो.

— सर