क्वार्टरबॅक गेला, टाइट एंड उरला

“मुलगा एकाच मित्रात इतका गुंतलाय, हे बरं आहे का?” डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत समुपदेशन करताना मराठी आई-वडिलांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. त्यातल्या एका घराची ही हकिकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात टाइट एंड, म्हणजे विरोधकांना अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू. धाकटी बहीण म्हणते म्हणून घरात सगळेच त्याला दादा म्हणतात. त्याचा जिवलग मित्र संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, शाळेत एक वर्ष पुढे. सहावी-सातवीपासून दोघं एकत्र खेळलेले. इथे चांगले खेळाडू पुष्कळदा बारावी डिसेंबरमध्येच आटोपतात आणि जानेवारीत कॉलेजला जातात, म्हणजे तिथल्या संघाचा वसंतातला सराव चुकत नाही. हा मित्रही तसाच गेला, दुसऱ्या राज्यात. त्यानंतर दादा जेवायला टेबलावर येईना, व्यायाम सुटला, गणितात घसरला. आणि मार्चमध्ये त्याने जाहीर केलं की अर्ज करीन तर त्याच एका कॉलेजला.

आई म्हणाली, “ताई, मित्र गेला म्हणून कुणी एवढं कोलमडतं का? उद्या लग्न-संसारात काय होईल याचं?” वडिलांचं म्हणणं, खेळच तो, ऑगस्टमध्ये नवा क्वार्टरबॅक येईल आणि हा विसरून जाईल.

आई-वडील दोघंही शुक्रवारी रात्रीच्या सामन्यांना नेमाने जाणारे. पण त्यांची नजर चेंडूवर असायची. त्यामुळे मुलाचं नेमकं काय हरवलंय हे त्यांना दिसलंच नव्हतं, आणि ते आधी समजून घेणं मला औषधपाण्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं.

टाइट एंड आक्रमक फळीच्या टोकाला, टॅकल या अडवणाऱ्या खेळाडूला खेटून उभा राहतो. एका डावात, म्हणजे काही सेकंदांच्या एका चालीत, समोरच्या धिप्पाड खेळाडूला अंगावर घेऊन अडवायचं, पुढच्या डावात त्याच जागेवरून सुटून पास झेलायचा. बरेचदा कुठे धावायचं हे आधी अर्धवटच ठरलेलं असतं. बचाव करणारे आपापली जागा धरून असतील तर दोघांच्या मधल्या मोकळ्या फटीत थांबायचं. एखादा पाठीच लागला असेल तर थांबायचं नाही, पळत राहायचं. हा निर्णय धावता धावता होतो. आणि तोच निर्णय, त्याच क्षणी, अंगावर चालून येणाऱ्यांना चुकवत क्वार्टरबॅकलाही घ्यावा लागतो, कारण चेंडू टाइट एंड वळायच्या आधीच हातातून सुटलेला असतो. दोघांनी वेगळं वाचलं तर चेंडू थेट विरोधकाच्या हातात.

व्यावसायिक लीगमधला, जानेवारी 2022 चा कॅन्सस सिटी आणि बफेलोचा सामना दादाला तोंडपाठ आहे. तेरा सेकंद उरलेले, कॅन्सस सिटी तीन गुणांनी मागे. कॅन्सस सिटीचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सीने क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला सांगून ठेवलं होतं की बचाव असाच उभा राहिला तर ठरलेली वाट सोडून मी सरळ मधून जाईन. डाव सुरू होण्याआधी माहोम्सने ओरडून त्याला सांगितलं, तेच कर. पंचवीस यार्डांचा पास गेला, पाठोपाठच्या किकने बरोबरी झाली, आणि जादा वेळेत विजयाचा पासही केल्सीनेच झेलला. हे सांगताना दादा किती आठवड्यांनी सलग बोलत होता! मग थांबून म्हणाला, “मी वळायचो तेव्हा बॉल आलेला असायचा. त्याला माहीत असायचं मी काय विचार करतोय. आता कुणालाच माहीत नसतं.”

याला मी अवलंबित्व म्हणणार नाही. हा वियोग आहे. आपल्या मनातलं न सांगता ओळखणारं माणूस सतराव्या वर्षी दूर गेलं, तर मुलगा शोक करणारच. वडिलांना हे एका क्षणात पटलं, तेही त्यांच्याच आठवणीतून. कॉलेजात ते सलामीला खेळायचे. समोरच्या जोडीदाराशी एकेरी धावेसाठी हाक मारावी लागत नसे, नुसती नजर पुरे. तो जोडीदार नोकरीसाठी गाव सोडून गेला, त्यानंतर यांनी बॅट फारशी हातात घेतली नव्हती. ही गोष्ट त्यांनी मुलाला कधी सांगितली नव्हती. आता सांगा, म्हटलं.

वडिलांनी एकटे असताना आवाज खाली करून आणखी एक प्रश्न विचारला: हे मैत्रीच्या पलीकडचं काही असेल का? बरेच वडील विचारतात. मुलांच्या खोल मैत्रीकडे आपण संशयाने पाहतो, म्हणून मुलगे ती लपवायला शिकतात, हे मला फार वाईट वाटतं. दादाच्या बोलण्यात ती मैत्रीच होती. आणि दुसरं काही असतं तरी त्याला असेच जवळ बसणारे वडील लागले असते, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आता कॉलेजचा हट्ट. दादाने माझ्यापुढे रॉब ग्रॉन्कोव्स्की या टाइट एंडचा दाखला ठेवला. 2019 मध्ये निवृत्त झालेला ग्रॉन्कोव्स्की, त्याचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी न्यू इंग्लंड सोडून टॅम्पा बेला गेल्यावर 2020 मध्ये परतला तो त्याच्याच संघात, आणि फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने ब्रेडीच्या पासवर दोन टचडाउन केले. दाखला खरा आहे आणि सुंदरही आहे. पण तेव्हा ग्रॉन्कोव्स्की तिशीतला होता, स्वतःचं नाव कमावून बसलेला. मी दादाला विचारलं, “मित्र तिथे नसता तर त्या कॉलेजात तुला काय आवडलं असतं?” उत्तर आलं नाही. मग विचारलं, माहोम्सच्या आधी केल्सीला पास कोण द्यायचं? “ॲलेक्स स्मिथ,” तो लगेच म्हणाला. 2016 आणि 2017, दोन्ही मोसमांत केल्सीने स्मिथबरोबर खेळत हजारावर यार्ड काढले होते. माहोम्स नियमित क्वार्टरबॅक झाला तो 2018 पासून. समोरच्याला वाचायची कला केल्सीकडे आधीच होती. दादा बराच वेळ गप्प राहिला, पण ही गप्प बसण्याची तऱ्हा निराळी होती.

शाळेचा नवा क्वार्टरबॅक नववीतला, घाबरलेला पोरगा. दडपणाखाली असे नवखे क्वार्टरबॅक जवळच्या आधाराला, म्हणजे टाइट एंडलाच शोधतात. प्रशिक्षकांनी दादाला रविवारी त्याच्यासोबत सराव करायला सांगितलं. पहिले काही रविवार वाईट गेले; चेंडू पाठीमागे पडत होता आणि दादा चिडून घरी येत होता. मी आईला एवढंच सांगितलं की “बघ, मिळाला ना नवा मित्र” असं म्हणू नका. जुन्याची जागा भरली असं कुणी म्हटलं की मुलं नव्याला दूर लोटतात.

अशा वेळी काळजी कधी करायची, तेही सांगते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेली राहिली, आवडीचं सगळंच नकोसं झालं, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघालं तर एक दिवसही थांबू नका, मुलाला एकटं सोडू नका. अमेरिकेत अशा संकटासाठीचा 988 हा मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. दादाची भूक मे महिन्यापर्यंत सावरली. गणित अजून लंगडतंय.

मित्राचे फोन येतात, मोसम सुरू झाला की कमी होतील, आणि तेही दोघं आधीच बोललेत. दादाने आता सहा कॉलेजांची यादी केली आहे, मित्राचं कॉलेजही तीत आहे. आईला त्याची धास्ती वाटते, पण ते नाव काढ असं ती म्हणत नाही.