मल्टिमीटरवर सगळे भाग ठीक दिसतात, तरी गीझर कधी तापतो, कधी नाही. बिघाड कसा शोधायचा?

तुम्ही म्हणता की स्विच, थर्मोस्टॅट, कॉइल, तिन्ही सुटे करून पाहिले, तिन्हींना मीटरचा बझर (वाट जोडलेली असली की वाजणारा) वाजला, तरी गीझर मनाला येईल तेव्हाच चालतो. आणि प्रश्न असा, की रेझिस्टन्स बघायचा की व्होल्टेज?

दोन्ही बघायचे, पण दोन्हींचं काम वेगळं. रेझिस्टन्सवरून तो भाग एकटा कसा आहे ते कळतं. लोड आल्यावर तो काय करतो, हे फक्त व्होल्टेजवरून कळतं. तुमचा बिघाड दुसऱ्या प्रकारचा वाटतो, म्हणून पहिल्या तपासणीत तो सापडला नाही.

आधी बझरबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. कुठल्या मीटरचा बझर 30 ओहमच्या खाली वाजतो, कुठल्याचा 50 च्या. आता 230 व्होल्टवर चालणारी 2000 वॉटची कॉइल घ्या. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे साधारण 26 ओहम. ही कॉइल चांगली असली तरी बझर वाजेल, आतून शॉर्ट झाली असली तरी वाजेल. उलट 1000 वॉटची कॉइल 53 ओहमची असते. ती धडधाकट असूनही बझर गप्प राहू शकतो. म्हणून कॉइल बझरवर तपासूच नका. ओहमची सर्वात खालची रेंज लावा आणि टोकं टेकवण्याआधी किती आकडा यायला हवा तो काढून ठेवा. अपेक्षित आकडा माहीत नसेल, तर आलेल्या आकड्याचा उपयोग फार थोडा.

ओहम मोजताना सप्लाय पूर्ण बंद हवा आणि त्या भागाची निदान एक बाजू सुटी हवी, नाहीतर मीटर शेजारच्या वाटेनेही मोजतो आणि आकडा कमी येतो. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून बघा, वायरींचाच 0.2-0.3 ओहम दिसेल, तो वजा करा. किलोओहमच्या वरचं काही मोजताना दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरू नका, शरीराचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो.

कॉइलचं एक टर्मिनल आणि तिची धातूची नळी यांच्यामध्येही मोजा. सर्वात वरच्या रेंजवरसुद्धा ओएल (OL, म्हणजे मीटरच्या रेंजबाहेर, वाटच नाही) यायला हवं. काही मेगाओहम किंवा त्याहून कमी दिसलं तर आतल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत ओल गेलेली असू शकते. पण इथेही मीटरची मर्यादा लक्षात ठेवा: तो हे माप जेमतेम काही व्होल्टवर घेतो. 500 व्होल्टच्या मेगरला (जास्त व्होल्टवर इन्सुलेशन तपासणारं मीटर) जी गळती दिसते, ती त्याला दिसेलच असं नाही. ईएलसीबी (करंट अर्थकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडत असेल आणि मीटर ओएल दाखवत असेल, तर ईएलसीबीवर विश्वास ठेवा.

पुढे इतर भागांवर वेळ येईल म्हणून थोडक्यात. सुटा फ्यूज ओहमवर निर्धास्त तपासा. डायोडसाठी डायोडची रेंज लावा: सिलिकॉन डायोड एका बाजूने 0.5 ते 0.7 व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने ओएल; दोन्हीकडून शून्याजवळ आला तर शॉर्ट. कपॅसिटर आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. ओहमवर तो शेवटी ओएलकडेच जातो, आतून तुटलेलाही ओएलच दाखवतो, म्हणून मायक्रोफॅरड मोजणारी रेंजच कामाची. सिंगल फेज मोटरच्या तीन वायरींमध्ये दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्याएवढी यायला हवी, उदाहरणार्थ 12 आणि 28 असतील तर 40. मात्र वाइंडिंगचे थोडेच वेढे आपसात शॉर्ट झाले असतील तर ओहममध्ये फरक जवळपास दिसत नाही.

आता तुमच्या गीझरकडे. ओहमच्या रेंजवर मीटर मिलिअँपियरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी करंट सोडतो. गीझर चालू असताना त्याच कॉन्टॅक्टमधून 8.7 अँपियर जातात. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असेल, तरी मीटरच्या करंटला ती पुरते आणि बझर खणखणीत वाजतो. कार्बन धरलेल्या कॉन्टॅक्टचंही तेच. म्हणून चालू लोडवर मोजायचं.

हे काम जिवंत सप्लायवर आहे, म्हणून पद्धत पाळा. टाकी पाण्याने भरलेली हवी आणि अर्थिंग जोडलेलं हवं. मीटरची लाल वायर करंटच्या सॉकेटमध्ये राहिलेली नाही ना, ते पाहा. तशी राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलात, तर सरळ शॉर्ट होतो. एखाद्या चालू सॉकेटवर मीटर 230 दाखवतो याची खात्री करून घ्या, आणि सगळं झाल्यावर पुन्हा एकदा करा. मग मेन बंद करून मीटरच्या वायरींना क्लिपा जोडून त्या टर्मिनलांवर लावा, हात काढा, मेन चालू करा, आकडा वाचा, पुन्हा बंद करा. उघड्या टर्मिनलवर हात चालवायची सवय नसेल, तर एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण आकडे लिहून मागा.

पाणी थंड असताना सुरुवात करा, कारण तापलेल्या पाण्यात थर्मोस्टॅट स्वतःहून उघडा असतो आणि तुमचा अंदाज चुकेल. पहिली क्लिप-जोडी कॉइलच्या दोन टर्मिनलांवर. तिथे 230 आहेत आणि पाणी तापत नाही, तर कॉइल गेली. तिथे शून्य असेल तर दोन्ही क्लिपा थर्मोस्टॅटच्या इन आणि आउटवर न्या. सिरीजमध्ये जिथे वाट तुटलेली असते तिथेच सगळे 230 व्होल्ट दिसतात, बाकी ठिकाणी शून्य. तसंच थर्मल कटआउटवर (जास्त तापल्यावर सप्लाय तोडणारा भाग), तसंच स्विचवर. न्यूट्रल तुटला असेल तर आणखी वेगळं चित्र दिसतं: कॉइलच्या दोन टर्मिनलांमध्ये शून्य, पण प्रत्येकापासून अर्थिंगपर्यंत 230. टेस्टर दोन्हीकडे पेटतो, आणि लोक फेज येतोय म्हणून भलतीकडेच शोधत बसतात.

चालू-बंद होणाऱ्या गीझरचं गुपित मात्र बहुतेकदा मधल्या आकड्यात असतं. गीझर तापतो आहे आणि थर्मोस्टॅटच्या दोन टर्मिनलांमध्ये शून्याऐवजी समजा 6 व्होल्ट दिसले. करंट साडेआठ अँपियर धरा, म्हणजे त्या एका जोडावर 50 वॉट उष्णता निघते आहे, दोन लहान सोल्डरिंग आयर्नांएवढी. रेझिस्टन्स मात्र फक्त 0.7 ओहम. बझरला यात काही वावगं वाटणार नाही. जोड तापतो, सैल होतो, सुटतो, गार झाला की पुन्हा टेकतो. म्हणून क्लिपा पाच-दहा मिनिटं तशाच ठेवा; बिघाड गरम झाल्यावरच तोंड वर काढतो.

एखाद्या वायरवर 60 किंवा 90 असे अर्धवट व्होल्ट दिसले तर गोंधळू नका. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो, त्यामुळे शेजारच्या चालू वायरीमुळे तरंगत्या वायरीवरही आकडा येतो. तिथे टेस्ट लॅम्प जोडा. व्होल्टेज खोटं असेल तर दिवा पेटणार नाही आणि आकडा लगेच खाली येईल.

माझा पहिला संशय थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर आहे. तिथलं प्लास्टिक तपकिरी झालंय का, वायरीचं इन्सुलेशन कडक पडलंय का, ते आधी डोळ्यांनी पाहा. तसं असेल तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. थर्मोस्टॅट बदला, वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, नवा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवा. मग त्याच दोन टर्मिनलांवर लोड चालू ठेवून पुन्हा मोजा: एक व्होल्टच्या बरंच खाली यायला हवं, आणि दहा मिनिटांनीही तेवढंच राहायला हवं.