मुलीची एफडी मोडून एलएनजीच्या दोन गाड्या घ्याव्यात का? कळंबोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टरांचे सहा डिझेल ट्रेलर, न्हावाशेवा बंदर ते नागपूरजवळची बुटीबोरी अशी कंटेनरची लाईन, आणि ज्या कंपनीचा माल सगळ्यात जास्त लागतो तिच्या माणसाने सांगितलंय की पुढे एलएनजीच्या, म्हणजे थंड करून पातळ केलेल्या नैसर्गिक वायूवरच्या, गाड्यांना आधी लोडिंग देऊ. म्हणून दोन एलएनजी घोडे (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) घ्यायचं चाललंय आणि त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगला ठेवलेली 18 लाखांची एफडी मोडायची, बाकीचं लोन. हिशेब तुम्ही ठेवता, म्हणून काळजीही तुम्हालाच लागलीय.

आधी एवढं सांगतो की एफडीला हात लावू नका. गाडी घ्यायची की नाही ते वेगळं बोलू, पण मुलीची अॅडमिशन दोन वर्षांवर आहे आणि गाडीचा हप्ता पाच वर्षं चालणार, हे दोन पैसे एकमेकांत मिसळायचेच नाहीत.

मिस्टरांचं म्हणणं चुकीचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच नागपूरला 2021 मध्ये एलएनजी पंप सुरू झाला, 2022 ला चाकणला एलएनजी ट्रकचा कारखाना आला, एका भरण्यात हजाराच्या वर किलोमीटर गाडी जाते असं कंपन्या सांगतात. सीएनजीवर एवढं वजन एवढ्या लांब नेणं जमत नाही, हाच गॅस उणे 162 अंशाला थंड करून पातळ केला की जागा सहाशे पटीने कमी लागते, म्हणून लांबच्या लाईनला तो बसतो. धूरही कमी, ड्रायव्हरला इंजिनचा आवाज कमी. हे सगळं खरं आहे.

पण डीलरने दिलेला कागद बघा. डिझेल 90 रुपये, अॅव्हरेज 3, म्हणजे किलोमीटरला 30 रुपये. एलएनजी 84 रुपये किलो, अॅव्हरेज साडेतीन, म्हणजे 24. किलोमीटरमागे 6 रुपये वाचतात, महिन्याला 10 हजार किलोमीटर धरले की 60 हजार. गाडी डिझेलपेक्षा 24 लाखांनी महाग, त्या जादा 24 लाखांचा हप्ता 10 टक्क्यांनी पाच वर्षं धरला तर 51 हजार. म्हणजे 9 हजार वर राहतात, कागदावर छान दिसतं.

आता तुम्हीच पाठवलेल्या लॉगबुकचे फोटो काढा. तुमच्या गाड्या महिन्याला सरासरी साडेसहा हजार किलोमीटर चालल्यात, कारण पोर्टच्या गेटला दीड-दोन दिवस थांबायचं, परतीचा माल मिळेपर्यंत बुटीबोरीत यार्डात उभं राहायचं. साडेसहा हजाराला 6 रुपये म्हणजे 39 हजार, हप्ता 51 हजार. गाडीमागे 12 हजार खिशातून, दोन गाड्यांचे 24 हजार, दर महिन्याला! साडेआठ हजार किलोमीटरच्या खाली ही गाडी स्वतःचा जादा हप्ता स्वतः भरत नाही. एफडी टाकली तर हप्ता कमी दिसेल, पण तिचं व्याज गेलंच ना.

आणि उभ्या गाडीचं एलएनजीत अजून एक आहे, ते डीलर सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात गेलो होतो, त्याची एलएनजी गाडी टाकी भरलेली तशीच आठवडाभर उभी. टाकीच्या काट्यावर प्रेशर चढलेलं आणि व्हॉल्व्हमधून मधूनमधून फुस्स करून गॅस हवेत जात होता. टाकी कितीही चांगली असली तरी आतला द्रव हळूहळू तापतो, वाफ होते, आणि गाडी चालली नाही तर ती वाफ सोडावीच लागते. मालक बाजूला उभा राहून बघत होता, करणार काय. तुमच्या गाड्या पोर्टला एक-दोन दिवस थांबतात तेवढ्याने एवढं होत नाही, पण ड्रायव्हर गावाला गेला आणि गाडी आठ-दहा दिवस लागली तर होतं.

मग भाव. 84 रुपये डीलरच्या कागदावरचे आहेत. आपला बराचसा एलएनजी बाहेरून जहाजाने येतो, गुजरातमधल्या दहेजला उतरतो, कतारचा माल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो, पैसे डॉलरमध्ये द्यायचे. आशियातल्या बाजारात हाच गॅस 2020 ला एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं युनिट) 2 डॉलरच्या खाली गेला होता आणि युक्रेनचं युद्ध लागल्यावर ऑगस्ट 2022 मध्ये 70 डॉलरच्या आसपास. लांबच्या करारातला माल एवढा उडत नाही, पण पंपवाला कुठला माल देतोय ते तुम्हाला कळत नाही. भाव 98 झाला की किलोमीटरमागे 2 रुपयेच उरतात, आणि हप्ता तोच.

घसाऱ्यावर टॅक्स वाचेल हे डीलरचं म्हणणं तुम्हाला लागू नाही. तुम्ही टनावर ठरावीक उत्पन्न दाखवून रिटर्न भरता, त्यात घसारा आणि लोनचं व्याज वेगळं धरत नाहीत. सीएला विचारून घ्या. शिवाय तुमचा जुना डिझेल घोडा कळंबोलीत आठवड्यात विकला जातो, एलएनजीला सेकंडहँड गिऱ्हाईक शोधावं लागेल.

तरी मिस्टरांना सरळ नाही म्हणू नका, काम हातचं जाईल ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना त्या कंपनीकडे पाठवा आणि तोंडी नको, लेखी मागा: तीन वर्षांचा करार, महिन्याला किमान 9 हजार किलोमीटर किंवा तेवढ्याचं भाडं, आणि गॅसचा भाव वाढला की भाडं वाढणार हे कलम. हे मिळालं तर एकच गाडी घ्या, दोन नको. डाउनपेमेंटला सगळ्यात जुना ट्रेलर विका, ज्याच्या इंजिनवर यंदा खर्च केलात तो. आणि सही करायच्या आधी मिस्टरांनी स्वतः त्या लाईनवरून एक फेरी मारावी, पंप कुठे आहेत, रात्री चालू असतात का, एक बंद असला तर पुढचा किती लांब, हे वहीत लिहून आणावं.

लेखी द्यायला कंपनी तयार नसेल तर तिलाही या गाड्यांची तेवढी घाई नाही असं समजा आणि वर्षभर थांबा.

एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय असं लिहिलंय. बँकेत तुम्ही स्वतः जा, अॅडमिशनच्या महिन्यापर्यंतचीच मुदत टाका, आणि ती लोनला तारण द्या असं कोणी म्हणालं तर सही करू नका.