मोठ्या माणसांना शिकवताना ट्रान्सफॉर्मेटिव्ह लर्निंग (म्हणजे जुना पक्का समज तपासून बदलत शिकणं) खरंच कामाला येतं का?

येतं, पण लेक्चर झोडून नाही. शिक्षणतज्ज्ञ जॅक मेझिरोने १९७८ मध्ये ही थिअरी मांडली ती अमेरिकेत मोठेपणी परत कॉलेजला आलेल्या बायकांचा अभ्यास करून, आणि मुद्दा एवढाच की आधी डोक्यातला पक्का समज हलायला हवा. ऐरोलीत मी शनिवारी सीनियर लोकांना यूपीआय शिकवतो, तिथे एक काकू सारख्या म्हणायच्या "बटण दाबलं की खातं रिकामं", मी समजावत बसलोच नाही, म्हटलं शेजारच्या काकांना १ रुपया पाठवा, काकांचा फोन टुंग वाजला, काकूंनी आधी बॅलन्स तपासला मग हसल्या. नंतर ही भीती आली कुठून यावर त्यांच्यातच गप्पा होऊ द्या, आपण मधे तोंड घालायचं नाही (मला हेच जमत नाही). पुढच्या शनिवारी काकू कोथिंबिरीचे २० रुपये स्कॅन करूनच आल्या.